गल्ल्यावरचा टॅब आणि भटारखान्यातला टॅब: दोन डागांचं एक प्रकरण

कोल्हापुरातलं एक मिसळीचं हॉटेल. सकाळी सातला सुरू, रात्री दहाला बंद, मधे दुपारची विश्रांती नाही. आठवड्यातून एक सुट्टी. बिलिंगसाठी तिथे दोन टॅब होते. एक गल्ल्यावर, बिलं करायला. दुसरा भटारखान्यात, केओटी (गिऱ्हाइकाच्या ऑर्डरची आत येणारी चिठ्ठी) बघायला. दोन्ही एकाच दिवशी बसवलेले, दोन्हींवर एकच ॲप, दोन्ही दिवसभर चार्जरला लावलेले आणि दोन्हींची स्क्रीन आपोआप बंद होऊ नये अशी सेटिंग केलेली. सव्वा वर्षानंतर मालकांचा फोन आला, "सर, दोन्ही टॅबची स्क्रीन जळलीय. दिवसभर एकच चित्र ठेवलं की असं होतं म्हणतात. खरं काय ते एकदा येऊन बघा."

छोट्या हॉटेलांना आणि दुकानांना बिलिंगची यंत्रणा बसवून देणं आणि नंतर तिची देखभाल करणं हा माझा व्यवसाय. स्क्रीनवर डाग पडल्याच्या तक्रारी त्यात नेहमीच्या. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण कामाचे तास तेच, ॲप तेच, छप्पर तेच असूनही दोन टॅबचं दुखणं पार वेगळं निघालं. त्यातलं एक नुसतं डोळ्यांना खुपणारं होतं, दुसरं मात्र धोक्याचं. आणि मालकांना चिंता होती ती पहिल्याची.

आधी गल्ल्यावरचा टॅब. बिलिंग ॲपचा मुख्य पडदा असा: वर नारिंगी पट्टी, त्यात पांढऱ्या अक्षरांत हॉटेलचं नाव. डाव्या बाजूला गडद राखाडी रकाना, त्यात मिसळ, नाश्ता, चहा-कॉफी, थंड पेय, पार्सल अशी नावं. मधे पांढऱ्या पार्श्वभूमीवर टेबलांचे चौकोन. टेबल रिकामं असेल तर चौकोन पांढरा, गिऱ्हाईक बसलं की लाल. खाली उजव्या कोपऱ्यात निळं बटण, त्यावर पांढऱ्या अक्षरांत "बिल". हे ॲप बंद करून गॅलरीतला एखादा फोटो उघडला, की फोटोवर हा सगळा सांगाडा फिकट सावलीसारखा तरंगायचा. पांढरं पान उघडलं तर ते पिवळट दिसायचं, आणि डावा रकाना होता तिथे मात्र उभा, जरा उजळ पट्टा.

भटारखान्यातल्या टॅबवर ऑर्डरींची यादी असायची. आडव्या रेषा, त्यांच्यामधे मजकूर. यादी बंद केल्यावरही त्या रेषांची पुसट छाया रेंगाळायची. शिवाय मधोमध, थोडा डावीकडे, साधारण तळहाताएवढा पांढुरका डाग होता. त्या डागाचा यादीतल्या कुठल्याच आकाराशी मेळ बसत नव्हता.

मी जायच्या आधीच कुणीतरी मालकांना सांगून गेलं होतं, "सॉफ्टवेअर मारून घ्या, जाईल." म्हणून पहिली चाचणी तीच केली. डाग समोर दिसत असताना स्क्रीनशॉट घेतला आणि तो माझ्या मोबाइलवर पाठवून पाहिला. सावली चित्रातच असेल, म्हणजे सॉफ्टवेअरची असेल, तर ती स्क्रीनशॉटमधेही येते. दोन्ही टॅबचे स्क्रीनशॉट स्वच्छ निघाले. मग टॅब आडवे-उभे फिरवून पाहिले. चित्र फिरलं, सावली जागच्या जागी राहिली. म्हणजे दोष पॅनलचा, प्रत्यक्ष पडद्याचा. सॉफ्टवेअर मारण्याचे पैसे वाचले, पण त्याहून मोठी बातमी चांगली नव्हती.

यापुढचा प्रश्न एकच: पॅनल कुठल्या जातीचं? स्थिर चित्रामुळे डाग पडतो का, याचं उत्तर जवळजवळ सगळं याच प्रश्नात आहे. गल्ल्यावरचा टॅब ॲमोलेड होता. मालकांच्या मुलानं गिऱ्हाइकांवर छाप पडावी म्हणून थोडा भारीतला घेतलेला. भटारखान्यातला साधा, एलसीडी. हे खोक्यावर लिहिलेलं असतं, पण नावावरून ओळखायला गेलं तर फसगत होते. सॅमसंगचंच उदाहरण घ्या. गॅलेक्सी टॅब एस ८ या एकाच मालिकेत ११ इंची मॉडेल एलसीडी आहे आणि तिच्यातली प्लस आणि अल्ट्रा ही मोठी मॉडेलं ॲमोलेड. पुढच्या एस ९ मालिकेत तिन्ही ॲमोलेड झाली, तर एस ९ एफई नावाची स्वस्त भावंडं एलसीडीच राहिली. आयपॅड मे २०२४ पर्यंत झाडून सगळे एलसीडी होते. २०२१ चा मिनी-एलईडीवाला मोठा आयपॅड प्रोसुद्धा मुळात एलसीडीच, फक्त त्याचा मागचा दिवा बारीक बारीक भागांत वाटलेला. ओलेड (ॲमोलेड हा त्याचाच एक प्रकार) आलं ते २०२४ च्या आयपॅड प्रोमधे. तेव्हा नाव, किंमत, आकार यांवर न जाता त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात डिस्प्लेचा प्रकार बघावा. तेही जमलं नाही तर रात्री अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळं चित्र उघडावं. एलसीडीत मागचा दिवा चालूच असतो, म्हणून काळा भाग किंचित राखाडी उजळलेला दिसतो. ॲमोलेडमधे पडदा आहे की नाही तेच कळत नाही.

ॲमोलेडला हा त्रास का होतो, ते समजून घेण्यासारखं आहे. त्याच्या मागे दिवाच नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, आणि प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे वेगवेगळे उपठिपके असतात. हे उपठिपके सेंद्रिय पदार्थांचे पातळ थर असतात. कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मधे ज्या रचनेचा पाया घातला, तिचेच हे वंशज. थरातून वीज गेली की उजेड पडतो, आणि जितकी वीज जास्त आणि जितके तास जास्त, तितका तो पदार्थ थकत जातो. पुढे तेवढ्याच विजेत तो आधीइतका उजेड देत नाही. सगळा पडदा एकसारखा थकला असता तर कुणाला कळलंही नसतं, स्क्रीन जरा मंद झाली एवढंच वाटलं असतं. पण वाड्याच्या दगडी जिन्याच्या पायऱ्या जशा पावलं पडतात तिथेच मधे झिजतात, तसं इथे होतं. चित्रात जिथे पांढरं आहे तिथले ठिपके जास्त थकतात, जिथे काळं किंवा गडद आहे तिथले ताजे राहतात. डोळ्याला एकूण उजेडातली घट चटकन जाणवत नाही, पण ठळक कडा असलेला एक-दोन टक्क्यांचा फरकसुद्धा तो टिपतो. आणि बिलिंगच्या पडद्याला कडाच कडा असतात.

तीन रंगांत निळा सगळ्यांत लवकर थकतो. निळ्या प्रकाशाची ऊर्जा जास्त, आणि तेवढी ऊर्जा पेलून टिकणारा पदार्थ घडवणं अवघड. लाल आणि हिरव्यासाठी दीर्घायुषी आणि जास्त कार्यक्षम पदार्थ मिळाले, निळा मागे राहिला. म्हणून बऱ्याच ॲमोलेड पडद्यांत निळा उपठिपका आकारानं मोठा ठेवतात, म्हणजे तेवढ्याच उजेडासाठी त्याच्यावर ताण कमी येतो. तरीही जुन्या ॲमोलेडवर पांढरं पिवळट दिसायला लागतं, ते निळा कमी पडल्यामुळेच. गल्ल्यावरच्या टॅबचं पान पिवळं झालं होतं त्याचं कारण हेच.

आता या प्रकरणातला मला सगळ्यांत पटलेला पुरावा सांगतो. पूर्ण पडदाभर एकच रंग दाखवणारी चित्रं मी मोबाइलमधे ठेवलेली असतात: मधला राखाडी, लाल, हिरवा, निळा, पांढरा. ती गल्ल्यावरच्या टॅबवर एकेक करून लावली.

राखाडीवर सांगाडा दिसलाच. लाल लावल्यावर वरची नारिंगी पट्टी गायब झाली. तिचा मागमूसही नाही. पण खालच्या कोपऱ्यातलं बटण लखलखीत उजळ उठलं, आणि त्यात "बिल" ही अक्षरं गडद. मग निळा लावला. आता बटण नाहीसं झालं आणि वरची पट्टी झगमगायला लागली. त्या झगमगत्या पट्टीत हॉटेलचं नाव गडद अक्षरांत, अगदी काना-मात्रेसकट वाचता येत होतं.

याचा अर्थ लावायला वेळ लागत नाही. पांढरा रंग दाखवायला तिन्ही उपठिपके पेटवावे लागतात. नारिंगीसाठी लाल पूर्ण, हिरवा निम्म्याच्या आसपास आणि निळा जवळजवळ बंद. म्हणजे पट्टीच्या जागेतला लाल हा भोवतालच्या पांढऱ्यातल्या लालइतकाच राबला, म्हणून लाल पडद्यावर फरक उरला नाही. निळा मात्र सव्वा वर्ष बसून होता, ताजाच राहिला, म्हणून निळ्या पडद्यावर तो भाव खाऊन गेला. त्याच पट्टीतल्या पांढऱ्या अक्षरांचा निळा मात्र रोज राबलेला, म्हणून अक्षरं गडद. बटणाचं बरोबर उलट: तिथला निळा थकलेला, लाल आराम करून ताजातवाना.

एक गोष्ट तर मालकांच्या मुलानंच दाखवली. निळ्या पडद्यावर टेबलांचे चौकोन अगदी पुसट दिसत होते, कारण ते दिवसभर पांढरे-लाल होत राहतात. पण त्यातला एक चौकोन बाकीच्यांपेक्षा किंचित उजळ होता. "हे पाच नंबर," तो म्हणाला. "पंख्याखालचं टेबल. कधी रिकामंच नसतंय ओ." टेबल भरलेलं, म्हणजे चौकोन लाल, म्हणजे तिथला निळा बराच वेळ बंद. कुठल्या टेबलावर जास्त गिऱ्हाईक बसतं हे त्या पॅनलनं नोंदवून ठेवलं होतं. स्थिर चित्रानं खरंच डाग पडतो का, अशी शंका कुणी काढली की मी आता याच टॅबचा फोटो दाखवतो. उष्णता, पाणी, खराब माल, काहीही धरलं तरी पट्टी लालमधे लपणार आणि निळ्यात उठणार, बटण निळ्यात लपणार आणि लालमधे उठणार, असा हिशोब जमत नाही. तो फक्त तासांनीच जमतो.

तास किती? रोज पंधरा, महिन्यातले सव्वीस दिवस, सव्वा वर्ष. सहा हजार तासांच्या जवळपास. तेही ब्राइटनेस पूर्ण वर ठेवून, कारण गल्ला रस्त्याच्या बाजूला, समोरून ऊन यायचं आणि स्क्रीन दिसायची नाही. घरात रोज तीन तास टॅब बघणाऱ्याला एवढे तास भरायला साडेपाच वर्षं लागतील, आणि तो तेवढा वेळ एकच चित्र बघत नाही. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. मैफलीत तीन तास तानपुऱ्याचं ॲप सुरू राहिलं, लेकीनं दुपारभर एकाच पीडीएफवर अभ्यास केला, आजोबांनी ज्ञानेश्वरी उघडून ठेवली आणि त्यांचा डोळा लागला, यानं ॲमोलेडवर कायमचा डाग पडत नाही. डाग पडतो तो त्याच जागी, त्याच रंगात, जास्त उजेडात, महिनोन्महिने.

चित्र बदलतं ठेवलं तर काय होतं हे टीव्हीवर नीट तपासलेलं आहे. कॅनडातल्या आरटिंग्ज या चाचणी करणाऱ्या संस्थेनं २०१८ मधे एलजीचे एकाच मॉडेलचे सहा ओलेड टीव्ही रोज वीस तास चालवले, वर्षाहून जास्त काळ. बातम्यांच्या वाहिनीची पट्टी आणि बोधचिन्ह सतत दाखवणाऱ्या टीव्हीवर, त्यातही पूर्ण ब्राइटनेस ठेवलेल्यावर, डाग ठळक पडला. ज्यावर चित्र सतत बदलत होतं त्यावर पाच हजार तासांनंतरही नजरेत भरण्यासारखं काही नव्हतं. टीव्हीचं पॅनल आणि टॅबचं पॅनल बांधणीनं वेगळं असतं, म्हणून तासांचे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण डाग कशामुळे पडतो हे त्यातून कळतं, आणि आमच्या गल्ल्यावर जे झालं त्याच्याशी ते जुळतं. फोनमधलंही एक उदाहरण आहे. २०१७ च्या पिक्सेल २ एक्सएलवर खालच्या बटणांच्या पट्टीचे डाग लवकर दिसायला लागल्याच्या तक्रारी झाल्या. तेव्हा गूगलनं वॉरंटी दोन वर्षांची केली आणि अपडेट देऊन कमाल ब्राइटनेस थोडा उतरवला, शिवाय ती पट्टी वापर नसताना मंद होईल अशी सोय केली. उपाय म्हणून कंपनीनं कशाला हात घातला बघा: उजेड आणि स्थिर पट्टी.

उजेडाचं गणित सरळ निम्मं नाही, आणि ते आपल्या फायद्याचं आहे. ओलेडच्या आयुष्याबद्दल अभियंते जो हिशोब मांडतात त्यात उजेड साधारण दीड ते दोन घातानं येतो. म्हणजे उजेड निम्मा केला तर आयुष्य दुप्पट नाही, जवळपास तिप्पट-चौपट होतं. २०२४ च्या आयपॅड प्रोमधे ओलेडचे दोन थर एकावर एक ठेवलेत, त्याचं एक कारण हेच. दोघांनी मिळून उजेड दिला की प्रत्येकावर ताण कमी पडतो.

आता भटारखान्याकडे वळू. तिथल्या टॅबवरच्या रेषांची छाया मी फोटोत टिपली, टॅब बंद केला आणि मालकांना सांगितलं की उद्या सकाळपर्यंत याला हात लावायचा नाही. तोवर केओटी कागदावर. सकाळी रेषा गेलेल्या होत्या. पांढुरका डाग तसाच होता.

रेषांचं स्पष्टीकरण असं. एलसीडीत ठिपके स्वतः उजळत नाहीत. मागे दिवा असतो आणि पुढचे द्रवस्फटिक विजेच्या दाबानं वळून त्या उजेडाला वाट देतात किंवा अडवतात. थकण्यासारखा रंगीत दिवा ठिपक्यात नाहीच, म्हणून ॲमोलेडसारखा डाग तिथे पडत नाही. पण द्रवस्फटिकांत अगदी अल्प प्रमाणात विद्युतभारित कण असतात. एकाच दिशेनं दाब राहिला तर ते एका बाजूला जाऊन बसतात. म्हणून एलसीडी चालवताना प्रत्येक फ्रेमला दाबाची दिशा उलटवतात. ती उलटापालट शंभर टक्के समतोल नसते. थोडा एकतर्फी दाब उरतो, तेच चित्र तासन्‌तास राहिलं की कण साचतात आणि चित्र बदललं तरी स्फटिक पूर्ण वळत नाहीत. गरम जागेत हे कण जास्त हालचाल करतात, त्यामुळे भटारखान्यात हा त्रास जास्त जाणवणं स्वाभाविक. टॅब बंद ठेवला किंवा चित्र हलतं ठेवलं की कण पांगतात आणि छाया विरते. कधी मिनिटांत, कधी रात्रभरात. ॲपलच्या २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रो लॅपटॉपच्या काही एलसीडी पॅनलवर अशा छायेच्या तक्रारी इतक्या झाल्या की अमेरिकेत त्यावरून दावा दाखल झाला. तिथेही पॅनल एलसीडीच होतं आणि छाया काही वेळानं ओसरायची. तेव्हा एलसीडीवर सावली दिसली की लगेच नवा डिस्प्ले टाकायची घाई करू नये. आधी रात्रभर विश्रांती द्यावी.

राहिला तो पांढुरका डाग. या डागामुळेच मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं.

तो कुठल्याही रंगाच्या पडद्यावर सारखाच दिसत होता. कडा पसरट होत्या, चित्रातल्या कुठल्याही वस्तूशी जुळत नव्हत्या. टॅब सपाट काचेच्या टेबलावर उताणा ठेवला तर तो चारही कोपऱ्यांवर न टेकता मधल्या फुगवट्यावर डगमगला. बोटानं हलकं ढकलल्यावर भिंगरीसारखा अर्धवट फिरलासुद्धा. कडेच्या फटीत नख जाईल इतकी जागा झालेली. बॅटरी फुगली होती. फुगलेली बॅटरी मागून पॅनलवर रेटते, मागच्या दिव्यासमोरचे उजेड पसरवणारे पातळ पापुद्रे आणि काचांमधलं अंतर दाबलं जातं, आणि तेवढ्या भागात उजेड वेगळा दिसतो.

ती फुगली कशानं याबद्दल मला शंका नाही. टॅब भट्टीपासून हातभर अंतरावरच्या फळीवर होता आणि चार्जर कधीच काढला जात नव्हता. लिथियम-आयन बॅटरीला पूर्ण भरलेल्या अवस्थेत राहणं मानवत नाही, गरम राहणंही मानवत नाही. दोन्ही एकत्र आलं की आतला द्राव विघटित होऊन वायू सुटतो. पिशवीसारखं वेष्टन असतं, तो वायू बाहेर पडत नाही, पिशवी फुगते. आणि हा टॅब कुठे होता? गॅसच्या शेगड्यांशेजारी, तेलाच्या डब्यांच्या वर. मालक मला गल्ल्यावरचा डाग दाखवत होते, तेव्हा आत हे होतं.

टॅब तिथल्या तिथे बंद केला. चार्जर काढला. पोरं "दाबून बसवू का" म्हणत होती, त्यांना हात लावू दिला नाही. फुगलेली बॅटरी दाबली, टोचली किंवा वाकवली तर आतले थर एकमेकांना टेकून पेट घेऊ शकते. उघडून पाहण्याचा मोहही टाळला. लोखंडी डब्यात, जळण्यासारखं काही जवळ नसलेल्या जागी ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बॅटरी हाताळणाऱ्या दुरुस्ती केंद्रात दिला. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकायची नसते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून ती ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावी. बॅटरी बदलल्यावर पांढुरका डाग बराचसा गेला. कडेला थोडी उजळ रेघ उरली, ती तशीच राहील. पापुद्रा एकदा वाकला की पूर्ण सरळ होत नाही.

दोन्ही टॅब एकाच कारणानं बिघडले असं मालकांना वाटलं होतं, पण तसं नव्हतं. गल्ल्यावरच्या टॅबवर स्थिर चित्रानं कायमचा डाग पाडला. भटारखान्यातल्या रेषाही स्थिर चित्राच्याच, पण तात्पुरत्या. पांढऱ्या डागाचा चित्राशी संबंधच नव्हता. तीनपैकी एकच गोष्ट मुळीच न सुधारणारी, आणि तीनपैकी एकच जिवावर बेतू शकणारी. या दोन गोष्टी एक नव्हेत.

गल्ल्यावरच्या टॅबचं काय करायचं यावर बरीच चर्चा झाली. नवीन फोल्डर, म्हणजे काचेसकट अख्खा डिस्प्ले, टाकायचा तर खर्च टॅबच्या निम्म्या किमतीच्या घरात जात होता, आणि वापर तोच राहिला तर वर्ष-दीड वर्षात पुन्हा तेच. वॉरंटी संपलेली होती. डाग घालवणारी म्हणून जी ॲप मिळतात, ती मुलानं रात्रभर चालवून पाहिली होती. ती भराभर रंग बदलत राहतात. एलसीडीवरच्या तात्पुरत्या छायेला त्यानं मदत होऊ शकते. ॲमोलेडचा थकलेला पदार्थ त्यानं ताजा होत नाही, उलट जे ठिपके ताजे राहिले होते तेही राबतात. उलट्या रंगांचं चित्र लावून ताज्या ठिपक्यांना मुद्दाम थकवायचं, म्हणजे फरक कमी होईल, हा उपाय करणारेही आहेत. फरक कमी होतो खरा, पण सगळा पडदाच मंद करून. मोठ्या ओलेड टीव्हीत ठिपक्यांची झीज मोजून ती भरून काढण्याची सोय असते. टॅबमधे वापरणाऱ्याच्या हाती तसं काही सहसा दिलेलं नसतं. मी सरळ सांगितलं, हा डाग जाणार नाही.

ठरलं ते असं. गल्ल्यावर साधा एलसीडी टॅब घ्यायचा. दिवसाचे पंधरा तास पांढरं पान दाखवणाऱ्या कामाला तोच योग्य. काळा अधिक काळा दिसण्याचा गल्ल्यावर काही उपयोग नाही. उन्हाचा प्रश्न ब्राइटनेस वाढवून सोडवायचा नाही, स्टँडचा कोन बदलून आणि वर छोटी पत्र्याची झडप लावून सोडवायचा. ती झडप पलीकडच्या वेल्डिंगवाल्यानं त्याच संध्याकाळी करून दिली, आणि पूर्णवर असलेला ब्राइटनेस निम्म्याखाली आणूनही आकडे स्पष्ट दिसायला लागले. स्क्रीन दोन मिनिटांनी बंद होऊ द्यायची, बोट लावलं की सुरू. याला मुलाचा विरोध होता, गर्दीत वेळ जातो म्हणाला. पण गर्दीत दोन मिनिटं बोट न लागता जातच नाहीत, त्यामुळे गर्दीच्या वेळी स्क्रीन चालूच राहते. बंद होते ती दुपारी चारला, जेव्हा तिचं कुणालाच काम नसतं.

भटारखान्यातला टॅब भट्टीसमोरच्या भिंतीवरून पाण्याच्या टाकीकडच्या भिंतीवर नेला. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग त्या टॅबमधे होती, ती चालू केली. कुणी ती वापरत नाही म्हणून ती असते हेच माहीत नसतं. ज्यांच्या टॅबमधे ती नाही त्यांना मी साधं टायमरचं स्विच लावायला सांगतो, दिवसातून काही तास चार्जर बंद राहील असं. आणि झाकपाक करणाऱ्या मावशींना एक गोष्ट शिकवून ठेवली: टॅब पुसताना तो डगमगायला लागला किंवा कडेला फट दिसली, तर कुणालाही न विचारता बंद करायचा. त्या म्हणाल्या, "मिक्सरचं भांडं डगमगलं तरी मी बंद करते, हे तर काचेचं हाय." हे काम त्यांच्याकडे सोपवून मी निर्धास्त आहे.

ॲप बनवणाऱ्यांना मुलानं एक विनंती पाठवली आहे. डावा रकाना उजवीकडे नेता यावा, आणि वरची पट्टी लपवता यावी. गडद पार्श्वभूमीचा पर्याय त्यांनी लगेच दिला. ॲमोलेड वापरणाऱ्या इतर दुकानांना त्याचा फायदा होईल, कारण काळ्या भागातले ठिपके बंदच राहतात. फक्त काळ्यावर पांढरीशुभ्र अक्षरं ठेवली तर तीच अक्षरं पुढे डाग बनतात, म्हणून अक्षरं फिकट राखाडी ठेवायला सांगितलंय. रकान्याची बाजू बदलण्याचं काम अजून व्हायचं आहे.

जुना ॲमोलेड टॅब मालकांच्या घरी गेला. सिनेमा बघताना सावली जाणवत नाही, कारण चित्र हलतं आणि रंग भरगच्च असतात. फिकट राखाडी किंवा निळसर पान उघडलं की हॉटेलचं नाव दिसतं. मुलाच्या आईला त्याचं काही वाटत नाही, त्या त्यावर रोज संध्याकाळी मालिका बघतात. ब्राइटनेस मात्र मी निम्म्यावर करून दिला आणि आपोआप कमी-जास्त होण्याची सेटिंग चालू ठेवली.